सेवेला एक तारा

६ जानेवारी, मंगळवार

दूध संघाची डायरी दरसाल येते आणि दरसाल बायको, सुरेखा, तिच्यात इस्त्रीचे कपडे लिहिते. यंदा मी आधीच ताब्यात घेतली. कारण रविराज. माझ्या शाळासोबत्याचा हा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. आता मित्रांना घेऊन त्यानं एक अ‍ॅप काढलंय, 'रंगत' नावाचं. संध्याकाळनंतर कुठं बसावं, कुठं जेवावं, कुठं गाणंबजावणं बरं असतं, ते लोकांनी तारे देऊन सांगायचं. एक तारा म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे फक्कड. सध्या ते चाचणीवर आहे, आपल्या जिल्ह्यापुरतं. आमच्यासारख्या चार-दोन मालकांना त्यानं गळ घातलीय की काका, रोज उघडून बघा, खटकलं ते लिहून ठेवा, मी आठवड्याला फोन करून फीडबॅक घेतो. फुकटचं काम, पण पोरगं इतक्या अजिजीनं बोलतं की नाही म्हणवत नाही.

तर फीडबॅक पहिला. अक्षरं बारीक आहेत. पन्नाशीच्या पुढच्या माणसानं काय दुर्बीण लावायची का?

दुसरा फीडबॅक नाही, आनंदाची गोष्ट आहे. जिल्ह्याच्या यादीत आम्ही पहिले. 'हॉटेल राजनंदिनी, परमिट रूम व फॅमिली गार्डन, नाशिक-पुणे रोड.' साडेचारच्या वर तारे. खाली लोकांनी लिहिलंय, मटण एक नंबर, बागेत निवांत वाटतं, आसाराम नावाचे वेटर घरच्यासारखं वाढतात. आसारामला वाचून दाखवलं तर गडी लाजून भटारखान्यात पळाला. हा जामखेडच्या पुढं, खर्ड्याकडचा माणूस. पोरसवदा असताना ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडं कारखान्यावर आला, पाठ धरली म्हणून माझ्याकडं कामाला राहिला, तो राहिलाच. माझी पोरगी राजनंदिनी तेव्हा बालवाडीत जायची. नावाला वेटर, बाकी हॉटेल तोच बघतो. मी गल्ल्यावर बसून ओरडायचं काम करतो.

८ जानेवारी, गुरुवार

आनंद दोन दिवस टिकला.

राजनंदिनीला मागच्या रविवारी सुप्याकडचे लोक बघून गेले. मुलाचं नाव कल्याण, सुप्याच्याच एमआयडीसीत इंजिनिअर. मामा आणि आई बरोबर होते, वडिलांना ताप होता म्हणून आले नाहीत. मुलगा शांत, पोरीला पसंत. दोघांचं फोनवर बोलणंही सुरू झालंय, हल्ली असंच असतं. आता वडिलांच्या होकारावर सगळं अडलंय. श्रीमंततात्या म्हणतात त्यांना. माळकरी घर, कांदा-लसूणसुद्धा वारानुसार. मध्यस्थानं त्यांना सांगितलंय, मुलीच्या वडिलांचं हायवेला हॉटेल आहे. मध्यस्थ एवढंच बोलला आणि मी पुढं काही जोडलं नाही. घर संगमनेर गावात, हॉटेल घाटाच्या अंगाला. ते काय बघायला येणार आहेत, असं म्हणलं.

आणि आज अ‍ॅप उघडतो तर पहिल्याच पानावर आमच्या बोर्डाचा फोटो. वर माझ्या पोरीचं नाव, खाली लाल अक्षरात परमिट रूम, शेजारी बाटलीचं चित्र. पोरगी झाली तेव्हा तिथं नुसती चहा-मिसळीची टपरी होती, मोठ्या हौसेनं तिचं नाव दिलेलं. परमिट पुढं आलं. बोर्ड बदलायचं सुचलंच नाही. या रोडवर निम्म्या बारला देवाचं नाहीतर पोरीचं नाव आहे, कुणाला वावगं वाटत नाही. पण सुप्याच्या माळकऱ्याला वाटेल.

लगेच रविराजला फोन लावला, म्हणलं आमचं हॉटेल यातून काढ. तो म्हणतो, काका, काढायची सोय अजून केलेली नाही, पुढच्या व्हर्जनला येईल, पण हा फीडबॅक फार चांगला आहे, नोंद करतो. आणि म्हणतो, तुम्ही तर आमचं टॉपचं ठिकाण आहात.

मी विचारलं, बरं, खालच्या नंबरची ठिकाणं कुठं असतात? तर म्हणे अडीच ताऱ्यांच्या खाली गेलं की पहिल्या पानावर फोटो येतच नाही, शोधावं लागतं. पोराला वाटलं मी रस घेतोय. खूश झाला.

११ जानेवारी, रविवार

आज एक पाप केलं, बारीकसं.

दुपारी गल्ल्यावर बसून, 'एक ग्राहक' असं नाव घेऊन, माझ्याच हॉटेलला शेरा लिहिला. अ‍ॅप विचारतं, कशाबद्दल तक्रार आहे: जेवण, स्वच्छता, सेवा. जेवणाला नावं ठेवायला हात धजेना. मसाला सुरेखाच्या हातचा आहे, आणि मटण खराब लिहिलं तर माझाच जीव जाईल. स्वच्छतेबद्दल लिहावं तर साहेब लोक तपासायला येतील. राहिली सेवा. सेवेला एक तारा दिला. तर म्हणे, कारण लिहा.

कारण समोरच होतं. बागेतल्या कोपऱ्यात एक पांढऱ्या कपड्यातले टोपीवाले म्हातारबा एकटेच बसले होते. पिठलं-भाकरी मागवली, पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं प्याले. असल्या गिऱ्हाइकाचा आम्हाला काय उपयोग? आणि आसाराम त्यांच्याजवळ उभा राहून हातवारे करत बोलतोय, बोलतोय. दोनदा हाक मारली तरी 'आलो मालक' म्हणून पुन्हा तिथंच. भाकरी संपली, ताक झालं, यांच्या गप्पा संपेनात. जाताना म्हातारबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं, कोण रे? तर म्हणाला, वाटसरू हाय, इकडचं तिकडचं इचारत व्हतं. माझं डोकं फिरलं होतंच. लिहिलं: 'आसाराम नावाचा वेटर गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसतो, ऑर्डर विसरतो.'

तसं ते खोटं नाहीच म्हणा.

१४ जानेवारी, संक्रांत

तारे जेमतेम दोन दशांशांनी उतरले. काल 'प्रवासी' या नावानं दुसरा शेरा टाकला, आसाराम उद्धट बोलतो म्हणून. तो माणूस एवढ्या वर्षांत दारुड्याशीसुद्धा उद्धट बोललेला नाही. फरक काही पडला नाही. सकाळी रविराजचा फीडबॅकचा फोन आला. सहज विचारल्यासारखं करून विचारलं, बाबा रे, तारे सगळ्यात लवकर कशानं उतरतात? तो म्हणाला, सुरक्षिततेच्या तक्रारीनं. बायकांना त्रास झाला असं एखाद्यानं लिहिलं तरी ठिकाण सरळ तळाला जातं, ते आम्ही मुद्दाम तसं ठेवलंय. चांगलंच केलंय त्यांनी. ती सोय माझ्यासारख्यासाठी केलेली नव्हती.

दुपारी बसून तिसरा शेरा लिहिला. शब्द इथं पुन्हा लिहायला नको वाटतंय, पण फीडबॅकची वही आहे, लिहितो. 'वेटर आसाराम बायामाणसांकडं वाईट नजरेनं बघतो. फॅमिली घेऊन जाऊ नका.'

बटण दाबलं आणि पाचच मिनिटांनी तो स्वतः समोर उभा. तिळगूळ घेऊन. भीमाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गावाकडून डबा पाठवलाय, त्यातला अर्धा राजनंदिनीसाठी वेगळा काढून ठेवला होता. "तिळगूळ घ्या मालक, ग्वाड बोला," म्हणाला. मी घेतला, खाल्लाही. दाताखाली खडा आल्यासारखं झालं. आधी वाटलं तिळातच खडा असेल.

१५ जानेवारी, गुरुवार

दोन तारे. पहिल्या पानावरून बोर्ड गेला. बोर्ड गेला हे चांगलंच झालं. शेवटी बाप आहे मी. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, आणि एखाद्या मोबाईलमधल्या ओळीनं आसारामचं काय जाणार आहे? त्याला धड वाचताही येत नाही. चाचणी संपली की रविराज सगळं पुसूनच टाकणार असेल.

सुरेखाला काही बोललो नाही.

२० जानेवारी, मंगळवार

वाचून दाखवायला लोक असतात हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

आज दुपारी कारखान्यावरचे नेहमीचे चौघं बसले होते. त्यातल्या एकाच्या मोबाईलमध्ये ते अ‍ॅप. दोन पेग पोटात गेल्यावर त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आसाराम सोडा घेऊन उभा. 'वाईट नजरेनं बघतो' वाचून चौघं खो खो हसले. त्यांना ती गंमत वाटली. ते त्याला ओळखतात, काका म्हणतात. एक जण म्हणाला, काका, या वयात आवरा आता.

आसाराम हसला नाही. त्यानं सोडा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, ग्लासात नीट ओतला आणि मागं गेला. मी गल्ल्यावरून सगळं बघत होतो. उठून त्या चौघांना दोन शिव्या हासडायला पाहिजे होत्या. एरवी मी एवढ्या तेवढ्यावरून हासडतो. आज तोंडातून ब्र निघाला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी झाडलोट चालू असताना तो गल्ल्याजवळ आला. हातातलं फडकं पिळत उभा राहिला. मला वाटलं काम सोडतोय. सोडलं असतं तरी सुटका झाली असती, असंही मनात आलं. माणसाच्या मनात काय काय येतं.

तो म्हणाला, "मालक, ते मोबाईलमधी माझ्यावर कुणी ल्हिवलंय, म्या त्याला काय केलं ते मला ठाव न्हाई. रातभर आठवून बघितलं. कुन्या बाईमानसाला चुकून धक्का लागला आसंल का, तेबी आठवलं."

मी म्हणलं, सोडून दे, लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तसं न्हाई मालक. गावाकडं माजी सून हाय, नात हाय. तुमी त्याच्यात ल्हिवा ना, की ह्यो तसा मानूस न्हाई. तुमी मालक हाव. तुमचं ल्हिवलेलं लोक मानत्याल."

मी 'बघतो' म्हणालो. त्यानं हात जोडले. खरंच दोन्ही हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मालकाचं उत्तर लिहायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, मी बघितली. पण उत्तर लिहिलं की ठिकाण 'सक्रिय' धरतात आणि पुन्हा वर आणतात. बोर्डाच्या फोटोसकट. म्हणून लिहिलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

दोन गोष्टी.

एक. आसाराम आता फॅमिली गार्डनकडं फिरकत नाही. दुसऱ्या वेटरला पाठवतो. आज एक ओळखीच्या बाई मुलांना घेऊन आल्या, त्यांनी 'आसारामभाऊ कुठं?' म्हणून विचारलं, तर आतूनच म्हणाला, हात खरकटं हायेत. नंतर मी बघितलं, नुसताच बसला होता, भिंतीकडं तोंड करून.

दोन. श्रीमंततात्यांचा फोन. पहिल्यांदाच त्यांच्याशी बोललो. आवाज संथ. म्हणाले, येऊन तुमच्याशी चार शब्द बोलायचेत, घरी नको, हॉटेलवरच भेटू. तेवढ्यात डोकं चाललं. म्हणलं, सव्वीस जानेवारीला या, तात्या, सुट्टी असते. त्या दिवशी ड्राय डे. परमिट रूमचं शटर दिवसभर खाली, बाटली दिसायचं कारण नाही. बोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छांचं फ्लेक्स लावून टाकू. फ्लेक्सवाल्याला माप देऊनही आलो.

राजनंदिनीला म्हणलं, कल्याणशी बोलताना हॉटेलचा विषय फार काढत जाऊ नको. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "पप्पा, मी त्याला काय सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगितलंय." पोरगी हुशार आहे, काहीतरी सावरून घेतलं असेल.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन उरकून बागेत सतरंजी, लोड, सगळं मांडलं. फ्लेक्स झकास बसला होता. गाडीतून श्रीमंततात्या उतरले आणि मी ओळखलं. तेच पिठलं-भाकरीवाले म्हातारबा. तोच तांब्या हातात.

त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं. बसले. मग संथपणे सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्याकडची रीत अशी की सोयरिकीची चौकशी घरी करायची नाही, घरी सगळेच गोड बोलतात. ती करायची कामावरच्या गड्याकडं. तो माणूस कसा आहे ते त्याच्या हाताखालच्याला ठाऊक असतं. म्हणून मागं ते एकटेच येऊन गेले. बार असल्याचं कल्याणनं त्यांना आधीच सांगितलं होतं, राजनंदिनीनं त्याला सांगितलेलं.

"दारू आमी शिवत न्हाई," तात्या म्हणाले, "पण सरकारी परवान्यावर धंदा करतोय, चोरी तर करत न्हाई. तुमी लपवलं ते मला आवडलं न्हाई. तरी तुमच्या ह्या आसारामनं जे सांगितलं त्याच्यावर मी मन केलं होतं. पोरीनं दहावीत पहिला नंबर आणला तवा आधी ह्याच्या पाया पडली म्हणं. आन् मालक तोंडाचा फाटका पण मनाचा खोटा न्हाई, असं बोलला त्यो."

मनाचा खोटा न्हाई.

मग त्यांनी सांगितलं की पुतण्यानं त्यांना कसलं अ‍ॅप दाखवलं. लोक लिहितात हा आसाराम उद्धट आहे, बायकांकडं वाईट नजरेनं बघतो. "त्यानं तुमच्या घराची हमी दिली. आता त्याचीच हमी कोण देनार, सांगा. तुमी त्याला इतकी वर्षं ठिवलंय. हे खरं का खोटं?"

एवढंच विचारलं त्यांनी. खरं का खोटं. खोटं म्हणलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग लिहिलं कुणी? मी काय बोललो ते लिहितो आता. मी म्हणालो, "मी चौकशी करतो, तात्या."

आसाराम मागंच चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं. चहा दिला, बिनसाखरेचा कप तात्यांच्या हातात बरोबर दिला, आणि गेला. तात्या म्हणाले, आठ दिवसांत काय ते कळवा.

फ्लेक्स काढायचं भान मला संध्याकाळपर्यंत राहिलं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

म्हणलं निदान वाटोळं निस्तरावं. सकाळपासून चार वेगवेगळ्या नावांनी आसारामबद्दल चांगले शेरे लिहिले. देवमाणूस, बापासारखा, वगैरे. चौथ्याला अ‍ॅप बंदच पडलं.

दुपारी रविराजचा फोन. बिचारा काळजीत. म्हणतो, काका, मोठा बग आलाय. बग म्हणजे अ‍ॅपमधला बिघाड. त्यांना दिसतंय की हॉटेल राजनंदिनीला शिव्याही तुमच्याच मोबाईलवरून गेल्यात आणि कौतुकही तुमच्याच मोबाईलवरून. स्वतःच्या हॉटेलला कुणी असं लिहील का? म्हणजे नक्की आमचीच काहीतरी गडबड. तिघं मित्र दोन दिवस झोपलेले नाहीत, ती गडबड शोधतायत. मला म्हणाला, सॉरी काका.

मी म्हणालो, सापडेल रे, चालायचंच.

सापडणार कशी? ती इथं गल्ल्यावर बसलीय.

३० जानेवारी, शुक्रवार

राजनंदिनीनं सगळं वाचलं. आसारामकाका बोलत का नाहीत, गार्डनमध्ये का येत नाहीत, हे ती दोन दिवस विचारत होती. मी उडवून लावत होतो. शेवटी तिनं त्या कारखान्यावरच्या चौघांपैकी एकाला गाठलं.

जेवताना तिनं विचारलं, पप्पा, हे कुणी लिहिलं असेल? मी भाकरीकडं बघत म्हणलं, असेल कुणी नतद्रष्ट. सुरेखा म्हणाली, त्याचे हात झडतील. मी भाकरी मोडली आणि खाल्ली.

राजनंदिनीनं तिथंच बसून मोबाईलवर लिहिलं. मग आम्हाला वाचून दाखवलं. "मी राजनंदिनी राधाकृष्ण गुंजाळ. या परमिट रूमला माझंच नाव आहे, मी मालकाची मुलगी आहे. आसारामकाकांनी मला सायकल शिकवली. मी नववीत असताना बस चुकली तेव्हा ते मला घ्यायला अंधारात चालत आले होते. वर ज्यानं लिहिलंय त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं." खाली स्वतःचा फोटो लावलाय. बोर्डाखाली उभी राहून काढलेला, हसरा.

सुरेखानं डोळे पुसले. मी हात धुवायला उठलो.

जे झाकायला एवढं सगळं केलं, ते पोरीनं उजळ माथ्यानं चारचौघांत सांगून टाकलं, तेही त्याच्यासाठी. आणि ज्याला समोर ये म्हणतेय तो तिच्यासमोर बसून जेवत होता. मोरीत बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. आतून कढ आला, पण रडूही आलं नाही, इतका निगरगट्ट झालोय का मी?

१ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहायचंय.

सकाळी आसारामला म्हणलं, चल, सुप्याला जायचंय, तात्यांकडं. त्याला वाटलं मी त्याची बाजू मांडायला नेतोय. धुतलेला सदरा घालून आला, केसाला तेल लावलेलं. गाडीत बसताना म्हणाला, "मालक, तुमी माज्यासाठी कामधंदा सोडून एवढ्या लांब येताय." मी गाडी सुरू केली. त्याला वाटेत सांगायचं असं ठरवलं होतं. घाटात म्हणलं, घाट उतरल्यावर. मग म्हणलं, आळेफाट्याला चहा घेताना. चहा घेतला, तो त्यानंच आणला, माझ्याकडून नाही निघालं. टाकळी ढोकेश्वर गेलं. शेवटी सुपा आलं आणि मी 'गरम होतंय' यापलीकडं एक शब्द बोललेलो नव्हतो.

तात्या ओट्यावर बसले होते. कल्याण होता, त्याला त्यांनी आत पाठवलं. आसाराम खाली पायरीवर बसायला लागला तर तात्यांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, केली का चौकशी?

मी तोंड उघडलं. आवाजच नाही. दोघं माझ्याकडं बघतायत, आसारामच्या तोंडावर भरवसा. तो भरवसा बघून तर आणखीच अडलं. शेवटी खिशातून मोबाईल काढला. तात्यांना वाटलं असेल की हा कुणाला फोन लावतोय. मी अ‍ॅप उघडलं, मालकाच्या उत्तराची जागा काढली आणि तिथं ओट्यावर बसून लिहिलं. बारीक अक्षरं दिसत नव्हती. लिहून, पाठवून, मोबाईल तात्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. आसारामला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं.

"आसारामबद्दलचे वरचे तिन्ही वाईट शेरे मी लिहिलेत. मी हॉटेलचा मालक, राधाकृष्ण गुंजाळ. ते सगळं खोटं आहे. मुलीच्या सोयरिकीत बार दिसू नये म्हणून हॉटेलचे तारे पाडायचे होते. बळी द्यायला हाच माणूस मला सापडला."

तात्यांनी मोबाईल खाली ठेवला. आतून कुणीतरी चहा आणून ठेवला आणि गेलं. मी आसारामकडं बघत नव्हतो, त्याच्या पायांकडं बघत होतो. नखं कापून आला होता.

मग तोच बोलला. हळू, मला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. "बायामानसाचं तरी ल्हिवायचं नव्हतं." एवढंच. माझे हात जोडलेले होते, कधी जोडले कळलं नाही. मी म्हणालो, चुकलो, आसाराम. तो 'असू द्या' म्हणाला नाही. एरवी गिऱ्हाइकानं थोबाडीत मारली तरी असू द्या म्हणणारा माणूस.

तात्या म्हणाले, "आसाराम, मी हितं तुझ्या शब्दावर बसलोय. ह्या माणसाच्या न्हाई. त्या दिशी तू पोरीबद्दल आन् मालकाबद्दल जे बोलला, ते आजबी तसंच हाय का? तू न्हाई म्हणालास तर मी हितंच उठतो, तुला कुणी बोल लावनार न्हाई."

माझ्या पोरीचं सगळं आयुष्य त्या माणसाच्या तोंडात होतं. मी ते त्याला दिलेलं नव्हतं, तात्यांनी दिलं. त्यानं 'नाही' म्हणलं असतं तर मला बोलायला जागा नव्हती.

आसारामनं सदरा सारखा केला. म्हणाला, "पोरीबद्दल बोललो ते जसंच्या तसं हाय, तात्या. त्यात एक सबुद कमी न्हाई. डोळं झाकून सून करा."

तात्या थांबले. मीही थांबलो. दुसऱ्या अर्ध्याची वाट बघत होतो आम्ही दोघं. आसारामनं कप उचलला, चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. मग तात्यांना विचारलं, हितनं नगरची गाडी किती वेळानं असती, म्हंजी म्होरं जामखेडची धरता येईल. तात्या म्हणाले, कल्याण सोडील फाट्यावर. तो उठला, तात्यांच्या पाया पडला, आणि माझ्यासमोरून गेला.

तात्यांनी होकार दिला. साखरपुडा पुढच्या महिन्यात. मला म्हणाले, पोरीच्या नशिबानं माणूस चांगला भेटला. कोण माणूस ते मी विचारलं नाही.

परत येताना रविराजला फोन करून सांगितलं, बग नाही रे, मीच आहे. तो 'ओके काका' म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी आलो तर सुरेखानं पेढे आणून ठेवले होते, तिला कल्याणच्या आईचा फोन आलेला. राजनंदिनी दारातच होती. तिचा चेहरा फुललेला. तिनं माझ्यामागं गाडीत वाकून बघितलं आणि विचारलं, पप्पा, आसारामकाका कुठायत? पेढा आधी त्यांना द्यायचाय. तिनं अजून मोबाईल बघितलेला नाही.

मी म्हणलं, हातपाय धुऊन येतो, मग सांगतो. आणि इथं खोलीत येऊन लिहीत बसलोय. ती बाहेर पेढ्याचा डबा घेऊन बसलीय. दोनदा हाक मारून झाली.